चंपाचा डावा हात

मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती हातगाड्यांच्या आवाजाने. खाली सुक्या मिरच्यांची आणि हिंगाची घाऊक दुकानं, वर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात मोहरी तडतडली की अम्मा वासावरून सांगायची, आज त्यांच्याकडे कसली भाजी आहे ते. बंदरातला भोंगा वाजला की अप्पा अंगात सदरा चढवायचे. ते एका जहाज-दलालाच्या कचेरीत कारकून होते. मिरच्यांची पोती उतरायला लागली की सगळं घर शिंकायचं. नवीन पाहुणा आला की त्याला आम्ही आधी पाणी द्यायचो आणि लगेच रुमाल. आम्हाला त्या तिखट हवेची इतकी सवय झाली होती की सुट्टीत गावी गेलो की नाकाला उगाच चुकल्यासारखं वाटायचं.

आम्ही तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी, जिना उतरला की तमिळ, शाळेत इंग्रजी. आमची मराठी ऐकून पुण्यामुंबईची माणसं हसतात, कारण त्यांच्या पणज्यांनी टाकून दिलेले शब्द आम्ही अजून वापरतो आणि वर तमिळ हेल काढतो. आज मी ज्या भाषेत हे लिहितो आहे ती मी बदलीच्या नोकरीत नागपूरला काढलेल्या वर्षांत शिकलो. माझी धाकटी बहीण चंपा हे ऐकेल तर म्हणेल, रेडिओसारखं काय बोलतोस. म्हणून तिला हे वाचून दाखवलेलं नाही, असं मी बायकोला सांगितलं आहे. बायकोचा त्यावर विश्वास बसलेला नाही.

चंपा माझ्याहून पाच वर्षांनी लहान, आणि डावखुरी. नुसती डावखुरी नाही, चांगली खणखणीत डावखुरी. तांब्या डाव्या हाताने उचलायची, केस डाव्या हाताने विंचरायची, माझ्या पाठीत धपाटा घालायची तोही डाव्याच हाताने, आणि तो लागायचा. आठ वर्षांची असतानाच उंबऱ्यासमोरचा कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, तिच्याकडे आला होता. बारीक दळलेलं तांदळाचं पीठ चिमटीत धरून ती आधी ठिपके मांडायची आणि मग त्यांच्याभोवती एकच रेघ अशी फिरवत न्यायची की ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधून सापडू नये. हमालसुद्धा पोतं खांद्यावर घेऊन त्याला वळसा घालून जायचे. पण समोरच्या घरातली म्हातारी एकदा जिन्यात थांबली, कोलमकडे पाहिलं, चंपाच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘पीचांगै.’ तमिळमध्ये डाव्या हाताला चारचौघांत न उच्चारण्याजोगं हे नाव आहे. शौचाला गेल्यावर तो हात जे काम करतो त्यावरूनच ते पडलं आहे. त्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांना चंपाला हाक मारायला नवीन शब्द मिळाला.

तरी घरात कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मनावर घेतलं ते मैलापुरातल्या आमच्या आत्याच्या घरी झालेल्या मुंजीत. पंगत बसली होती. मुलींनी मीठ आणि कोशिंबीर वाढायची असते, तशी चंपा निघाली. मिठाची वाटी उजव्या हातात, चमचा डाव्या हातात. दोघातिघांना वाढून झालं आणि मग आत्याचे एक वयस्कर दीर पानावरून उठले. हात धुऊन ओसरीवर जाऊन बसले. सगळ्या पंगतीचे हात थांबले आणि चंपा मध्ये वाटी घेऊन उभी, आपलं काय चुकलं हे तिला कळेना. अप्पा जाऊन त्यांच्या पाया पडले. ट्रामने घरी परतल्यावर अप्पा अम्माला एवढंच म्हणाले की उद्या हिला कोणाच्या घरी द्यायची आहे, हे आताच सरळ झालं पाहिजे.

अप्पा मुलांवर हात उगारणाऱ्यांतले नव्हते. शेजारणीने सांगितलेला उलथनं तापवण्याचा उपाय अम्माने ऐकूनही घेतला नाही. मग उरलो मी. अम्मा पिठाचे हात धुता धुता म्हणाली, ‘तुज गाठी बांधाय येतात न्हवे? मग तूंच पाहा.’

गाठी मला येत होत्याच. मी शाळेच्या स्काउट पथकात होतो आणि आठ मुलांच्या तुकडीचा पेट्रोल लीडर होतो. त्या वयात मला याहून मोठा हुद्दा जगात असेल असं वाटत नव्हतं. खाकी चड्डीला इस्त्री मी स्वतः करायचो, तांब्यात निखारे घालून. गळ्यातला स्काउटचा स्कार्फ रात्री उशीखाली दाबून ठेवायचो. आमचे स्काउटमास्तर शाळेत भूगोल शिकवायचे; बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला रीफ गाठ शिकवली ती जखमेवर पट्टी बांधण्यासाठी. ही गाठ चपटी बसते, अंगाला टोचत नाही, ओढ लागली तर घट्ट होते, आणि सोडवायची असेल तर एक टोक उलटं ओढलं की झटकन सुटते. त्यांनीच आम्हाला सांगितलं की स्काउट एकमेकांना डावा हात का देतात. ढाल डाव्या हातात असते. डावा हात पुढे करायचा तर ढाल खाली ठेवावी लागते. म्हणजे ज्याला तुम्ही डावा हात दिला, त्याच्यावर तुम्ही विश्वास टाकला. हे सांगून ते आमच्यातल्या प्रत्येकाचा डावा हात हातात घ्यायचे, अगदी गंभीरपणे. दर शुक्रवारी संध्याकाळी मी असा माझा डावा हात त्यांच्या हातात द्यायचो, मग ट्रामने घरी यायचो आणि जेवायच्या वेळी त्याच स्कार्फने चंपाचा डावा हात तिच्या कमरेशी बांधायचो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शाळेतलं शाळेत, घरातलं घरात. आमच्यासारख्या मुलांना ही वाटणी कोणी शिकवावी लागत नसे. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर भाषा बदलायची, तशी अक्कलही बदलायची. मी चंपाला इजा होऊ नये म्हणून स्कार्फची घडी रुंद करायचो, मनगटाला वळ उठत नाही ना हे पाहायचो, आणि तिला गाठ कशी घालतात, कशी सोडतात हेही दाखवून ठेवलं होतं, कारण कोणाला तरी शिकवल्याशिवाय मला चैन पडत नसे. ती रडत नव्हती. सुरुवातीला उजव्या हाताने सारभात कालवताना तिच्या पानाभोवती सगळं सांडायचं. मग हळूहळू सांडेनासं झालं. लिहिताना बांधायचो तेव्हा अक्षरं पाटीवरून घसरायची. शाळेत ती मागे पडली. कोलम मात्र उजव्या हाताने जमलाच नाही. रेघ तुटायची, पीठ एकाच जागी पडायचं. अम्मा एक दिवस म्हणाली, राहूं दे, मी घालतें. पुढे अम्माच घालत राहिली, साधा, चार ठिपक्यांचा.

स्काउटने रोज एक तरी सत्कृत्य करायचं असतं आणि सर कधीमधी सभेत विचारायचे, आज कोणी काय केलं. कोणी आंधळ्याला रस्ता ओलांडून दिलेला असायचा, कोणी शेजाऱ्याचं पाणी भरलेलं. मी उभा राहून सांगितलं, बहिणीला उजव्या हाताने जेवायला शिकवतो आहे. सर म्हणाले, छान. कसं शिकवतोस हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी ते लपवलं असं म्हणता येणार नाही. मला ते सांगण्याइतकं विशेष वाटलं नव्हतं, आणि आज मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

त्या वर्षी शहराबाहेर, तांबरमच्या पलीकडच्या माळावर मोठी जांबोरी भरली. देशभरातल्या स्काउट-गाइडांचा मेळावा, आणि बाहेरच्या देशांतल्या तुकड्याही यायच्या होत्या. आमच्या पथकाची निवड झाली तेव्हा अम्माने वांगीभात केला आणि अप्पांनी कचेरीत पेढे वाटले. आज मी तांबरमलाच राहतो. त्या माळावर आता घरांच्या रांगा आहेत आणि माझा मुलगा रोज तिथूनच सिरुसेरीच्या आयटी पार्कात कामावर जातो. त्याला मी सांगतो की इथे एके काळी तंबूंचं गाव होतं, तर तो मान हलवतो आणि फोनमध्ये पाहतो. पण होतं खरं. नजर पोचेल तिथवर तंबू, प्रत्येक तुकडीच्या दारात बांबू आणि सुंभाने बांधलेली कमान, एकही खिळा न ठोकता. सकाळी शिट्ट्या, मग झेंडा, मग पाण्याच्या टँकरपुढे बादल्यांची रांग. वरून वायुसेनेची विमानं जायची आणि हजारो टोप्या एकदम वर व्हायच्या. पंजाबची मुलं आम्हाला भाकरीएवढी पोळी द्यायची आणि आमचं सांबार बादलीने न्यायची. संध्याकाळी सगळीकडे बिल्ल्यांची अदलाबदल चालायची. आणि जो भेटेल तो डावा हात पुढे करायचा. काळे, गोरे, पिवळे, मऊ, घट्टे पडलेले, घामेजलेले डावे हात. मी इतके हात हातात घेतले की माझा उजवा हात मला बिनकामाचा वाटायला लागला.

पाहुण्यांच्या दिवशी घरचे आले. अप्पा, अम्मा, चंपा. तांबरमपर्यंत गाडीने आणि पुढे धुळीतून पायी. अम्माच्या हातात दहीभाताचा डबा आणि डांगर पचडीची बरणी. चंपाने निळी पावाडै घातली होती, म्हणजे आमच्याकडच्या मुलींचा पायघोळ परकर, आणि तिच्या केसांत इतकी अबोली माळली होती की मान एका बाजूला झुकली होती. मी त्यांना आमची कमान दाखवली, कोणती गाठ कुठे मारली ते सांगितलं. सर तिथेच उभे होते. अम्माने त्यांना नमस्कार केला. चंपा मला चिकटून, सगळीकडे डोळे मोठे करून पाहत होती. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात मलायाच्या गाइड मुलींची तुकडी आमच्या कमानीतून आत आली. त्यांच्यात दोघीतिघी तमिळ बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे आमच्या पथकात त्यांचं भारी कौतुक होतं. त्यांची म्होरकी उंच, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. रीतीप्रमाणे तिने ओळीने सगळ्यांना डावा हात दिला, मला, माझ्या तुकडीतल्या मुलांना, आणि मग खाली वाकून चंपापुढे हात धरला. चंपाने उजवा हात पुढे केला. मुलगी हसली, मान हलवली आणि म्हणाली, ‘इंद कै इल्लै. अंद कै.’ हा हात नाही, तो हात. चंपाने डावा हात पाठीमागे नेला आणि पावाडैची मूठ धरली. मुलगी तशीच वाकून उभी, हात पुढे. मागच्या मुली थांबल्या. सगळ्यांना ती लाजते आहे असंच वाटलं, त्यामुळे सगळे कौतुकाने हसत होते.

चंपा लाजत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. अम्माकडे नाही, अप्पांकडे नाही. तिने अगदी हळू, आमच्या घरच्या भाषेत विचारलं, ‘अण्णा, देऊं कां?’

मी म्हणालो, दे. काय म्हणणार होतो. चंपाने हात पुढे केला, त्या मुलीने तो आपल्या हातात घेऊन मनापासून हलवला आणि सोडला. आणि सुटल्याबरोबर तो हात आपण होऊन गेला आणि तिच्या कमरेला जाऊन चिकटला, कोपर अंगाशी, मनगट पोटाशी, मी बांधायचो अगदी त्या जागी. स्कार्फ माझ्या गळ्यात होता. तिथे कुठलीही गाठ नव्हती. मी ते पाहिलं.

सरांनीही पाहिलं. त्यांनी विचारलं, ही तुला का विचारते. मी उत्तर द्यायच्या आत अम्मानेच सांगितलं, अभिमानाने, तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोरीला डाव्या हाताची खोड होती, ह्याने रोज बांधून बांधून सोडवली, ह्याच स्कार्फने, एवढासा वळ उठू दिला नाही. ती मलायाची मुलगी हसायची थांबली. सरांनी माझ्या गळ्यातल्या स्कार्फकडे बघितलं.

‘कोणती गाठ?’ त्यांनी विचारलं.

‘रीफ, सर.’

‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘गाठ बरोबर आहे.’

आणि ते दुसऱ्या तुकडीकडे निघून गेले. पुढे ते मला कधी टाकून बोलले नाहीत की त्यांनी पेट्रोल लीडरचा मान काढून घेतला नाही. काढून घेतला असता तर बरं झालं असतं. सभेत सत्कृत्यं विचारताना मात्र ते माझ्यावरून पुढे जायचे. त्या दुपारी आम्ही कमानीच्या सावलीत बसून दहीभात खाल्ला. चंपाने उजव्या हाताने खाल्ला, एक शीत न सांडता, आणि अम्मा माझ्याकडे बघून हसली.

जांबोरीहून आल्यावर मी तिचा हात पुन्हा बांधला नाही. गरजच नव्हती. एकदा ती एकटी असताना मी पिठाचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, डाव्या हाताने कोलम घालून दाखव, कोणी नाही घरात. तिने चिमूट घेतली, जरा वेळ तशीच धरली आणि परत डब्यात सोडली. म्हणाली, आतां येत नाहीं. मग अम्माला मदत करायला आत गेली. अप्पांची काळजी मिटली, तिचं लग्न वेळेवर, चांगल्या घरात झालं. कुंभकोणमच्या सासरी मोठमोठ्या पंगती तिने वाढल्या आणि तिच्या वाढण्याला कोणी नाव ठेवलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या लेखी ही चांगली झालेली गोष्ट होती. मी एकटाच तिच्यात काहीतरी मोडलं असं धरून बसलो होतो, आणि ते बोलायची माझ्यात धमक नव्हती.

धमक आली ती अम्मा गेल्यावर, तिचे दिवस झाले तेव्हा. आम्ही दोघं भांडी पुसत बसलो होतो. मी कसंबसं म्हणालो की तुझा हात बांधायचो ते चुकलं माझं. तिने परात खाली ठेवली. ‘गाठ कोठें घट्ट असे,’ ती म्हणाली. ‘एक टोक ओढलं कीं सुटत असे. तूंच मज दाखविलेलास.’

‘मग ओढलीस कां नाहीं?’

‘तुज किती आनंद होत असे तें बांधून,’ चंपा म्हणाली, आणि परात पुन्हा हातात घेतली.

मी माफी मागायला बसलो होतो आणि उठताना माझ्याकडे आणखी एक ओझं होतं. इतके दिवस मला वाटायचं की मी एका लहान मुलीला बांधून ठेवलं. आता कळलं की ती मोकळी होती, आणि तिने मला खूश ठेवण्यासाठी आपला हात सोडून दिला होता. हे कुठे फेडायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता चंपा माझ्याकडे आहे. यजमान गेल्यापासून ती कुंभकोणमला एकटीच असायची. मागल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं, तेव्हा मी तिला इकडे आणलं. कोपरापर्यंत प्लास्टर. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, काम कुठल्या हाताने करता, आणि तिने प्लास्टरच्या हाताकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मग काही दिवस डाव्या हाताची सवय करा. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. घरी आल्यावर बायकोने तिच्या डाव्या हातात चमचा दिला. चंपाने तो ताटात ठेवला आणि म्हणाली, नको, भूक नाहीं. तेव्हापासून बायको तिला भरवते. माझ्यासमोर ती हात मांडीवरच ठेवते.

परवा मी नेहमीपेक्षा लवकर उठलो. दुधाची पिशवी आत घ्यावी म्हणून दार उघडलं. चंपा उंबऱ्यापुढे उकिडवी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तिच्या पुढ्यात ठिपके मांडलेले होते आणि त्यांच्याभोवती पिठाची रेघ अर्धी फिरून झाली होती, बारीक, न तुटलेली, एका वळणातून दुसऱ्या वळणात शिरणारी. हात डावा होता आणि त्याला सगळं आठवत होतं. मी दार तसंच धरून उभा राहिलो. बिजागरी मात्र कुरकुरली. चंपाने मागे वळून पाहिलं, मला पाहिलं, आणि हात पदराखाली घेतला.

बोललो असतो तर ते पुन्हा परवानगी दिल्यासारखं झालं असतं. दार ओढून घेतलं आणि आत येऊन खुर्चीवर बसलो. तिने तेवढं पुरं करावं म्हणून मी देवाची आठवण काढली, मला सहसा न जमणारी. थोड्याच वेळात ती आत आली. दूध मी बाहेरच विसरलो होतो, ते तिने आणलं होतं. प्लास्टरच्या हाताच्या कोपरात ती पिशवी अडकवून, अंग वाकडं करून, सांभाळून चालत येत होती, आणि डावा हात तिच्या कमरेशी होता.